बेन काय म्हणाला?

न्यूयॉर्क, डिसेंबर २०११. ब्रॉडवेवरच्या लिंकन स्क्वेअर थिएटरात तुम्ही नुकतेच खुर्चीत टेकलात. आयमॅक्सचा पडदा एवढा उंच, की वरची कड बघायची तर मान मागे टाकावी लागते. तिकीट टॉम क्रूझच्या नव्या ‘मिशन इम्पॉसिबल’चं आहे, पण आसपासच्या कितीतरी पोरांच्या टी-शर्टवर वटवाघूळ आहे. ती क्रूझसाठी आलेली नाहीत. या सिनेमाआधी सहाएक मिनिटांचा एक तुकडा दाखवणार आहेत. क्रिस्टोफर नोलनच्या बॅटमॅन-त्रयीचा शेवटचा भाग, ‘द डार्क नाइट राइझेस’, यायला अजून सात महिने आहेत. हा तुकडा म्हणजे त्याची सुरुवात. नव्या खलनायकाची पहिली भेट आज आहे, म्हणून ही पोरं.

दिवे जातात. ओसाड माळावरची धावपट्टी. एक अणुशास्त्रज्ञ आणि डोक्यावर पिशव्या चढवलेले तीन कैदी सीआयएच्या अधिकाऱ्याच्या ताब्यात येतात. विमान उडतं. अधिकारी दार उघडायला लावतो, एका कैद्याला बाहेरच्या वाऱ्यात धरतो आणि ओरडून विचारतो, तो मुखवटेवाला कोण, मुखवटा का घालतो? इंजिनाची घरघर, वाऱ्याचा घोंगाट. आणि मग तिसरा कैदी पिशवीआडून बोलतो.

कान टवकारा. सूर तुमच्यापर्यंत पोचतोय. वयस्क, शिकलेला, किंचित नाटकी सूर. वाक्याच्या शेवटी वर चढणारा, समोरच्याची कीव केल्यासारखा. शब्द मात्र पोचत नाहीत. अधिकारी पिशवी ओढून काढतो. तुळतुळीत डोकं, रुंद मान आणि नाकातोंडावर घट्ट बसवलेलं काळं यंत्र, त्याच्या आडव्या नळ्या गालांपर्यंत गेलेल्या. हा बेन. मुखवटा काढला तर काय होईल, असं अधिकारी विचारतो. बेन उत्तर देतो. तुमच्या उजवीकडचा पोरगा मित्राला कोपर मारून विचारतो, “काय म्हणाला?” मित्र सांगेपर्यंत पुढची दोन वाक्यं निघून गेलेली असतात. एक वाक्य निसटलं की दुसरंही जातं, कारण तुम्ही अजून पहिल्याचीच जुळवाजुळव करत असता.

मग वरून दुसरं, मोठं विमान येतं, दोरांवरून माणसं उतरतात, लहान विमानाचे पंख मोडतात, शेपटी उडते, आणि सगळं थिएटर श्वास रोखून बसतं. स्कॉटलंडच्या आकाशात खरी विमानं वापरून घेतलेली दृश्यं आहेत ही, आणि ती बघताना भाषेची गरज पडत नाही. पण दिवे लागल्यावर चर्चा विमानांची होत नाही. चर्चा एकच: त्या माणसाचं बोलणं कुणाला कळलं का? पुढचे काही महिने सिनेमाचे चाहते हाच प्रश्न घोळवत राहणार आहेत.

खुर्चीतून उठू नका. आत्ता तुमच्या कानांचं काय झालं, ते आधी बघू.

बोलण्यातला जोर स्वरांत असतो आणि अर्थ बराचसा व्यंजनांत. स्वर दणकट, ते भिंतीपलीकडूनही येतात. स, श, फ, त, क यांसारखी व्यंजनं नाजूक, क्षणभर टिकणारी. त्यांची ओळख बरीचशी दोन हजार हर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात राहते. तोंडापुढे काहीही धरलं की पहिला मार या वरच्या पट्ट्याला बसतो. त्यात खालच्या सुरातला मोठा आवाज वरच्या सुरातला बारीक आवाज गिळून टाकतो, हा कानाचा स्वभावच आहे. विमानाच्या इंजिनाने तेच केलं. बेनच्या वाक्यातले आ, ओ, ई तुमच्यापर्यंत आले आणि ज्यांच्यामुळे त्यांचे शब्द होतात ती व्यंजनं वाटेतच संपली.

शिवाय तुम्ही मराठी माणूस आहात आणि ऐकताय इंग्रजी. तुमचं इंग्रजी उत्तम असेल, ऑफिसात दिवसभर तेच बोलत असाल. तरी गोंगाट वाढला की परभाषेतलं ऐकणं मातृभाषेपेक्षा लवकर ढासळतं. आपल्या भाषेत अर्धा शब्द ऐकू आला तर उरलेला अर्धा आपण सवयीने भरतो. परक्या भाषेत तो साठा तोकडा असतो. उजवीकडचा अमेरिकन पोरगा चार शब्द चुकला असेल, तर तुम्ही सात चुकला आहात. यात कमीपणा काही नाही. पण ध्वनिमिश्रण करणाऱ्यांनी ध्यानात ठेवायला हवी अशी ही गोष्ट आहे, कारण त्यांचा सिनेमा न्यूयॉर्कपुरता थांबत नाही.

त्यात बेन साकारणाऱ्या टॉम हार्डीने निवडलेला आवाजही सोपा नाही. बार्टली गॉर्मन नावाचा आयरिश भटक्या समाजातला एक मुष्टियोद्धा होता, हातमोजे न घालता लढणारा, ‘जिप्सींचा राजा’ म्हणवला जाणारा. हार्डीने त्याच्या बोलण्याची ढब घेतली. पुढे एका मुलाखतीत त्याने सांगितलं, की त्याने नोलनपुढे दोन वाटा ठेवल्या होत्या: एक ‘स्टार वॉर्स’मधल्या डार्थ वेडरच्या धाटणीचा सरळ, भारदस्त खलनायकी आवाज; दुसरी ही, अनोळखी आणि धोक्याची. लोक हसतील, ही भीती दोघांनाही दिसत होती. नोलनने दुसरी निवडली.

नाकारलेली वाट कशी तयार झाली होती, ते बघायला पस्तीस वर्षं मागे चला.

लंडनच्या उत्तरेला बोरहॅमवुड, एल्स्ट्री स्टुडिओ. १९७६ चा उन्हाळा. दक्षिण इंग्लंडात जूनच्या अखेरीपासून सलग १५ दिवस कुठे ना कुठे पारा ३२ अंशांच्या वर आहे. इंग्रज माणसाला याची सवय नाही आणि स्टुडिओतल्या दिव्यांना उन्हाळ्याची फिकीर नाही. तुम्ही एका पांढऱ्याशुभ्र बोळाच्या सेटवर कॅमेऱ्यामागे उभे आहात. समोरून साडेसहा फुटांचा काळा पुतळा चालत येतो. आत डेव्हिड प्राउझ आहे, ब्रिस्टलचा वेटलिफ्टर. इंग्लंडातली मुलं त्याला टीव्हीवर बघतात. रस्ता नीट कसा ओलांडावा हे त्यांना शिकवणारा हिरव्या-पांढऱ्या वेशातला माणूस तो हाच. आज त्याच्या अंगावर काळं चामडं आहे, खांद्यावर झगा, डोक्यावर शिरस्त्राण, तोंडावर बंद मुखवटा.

हा मुखवटा आधी कथेत नव्हता. चित्रकार राल्फ मॅक्वारीला प्रश्न पडला, की हा माणूस एका यानातून दुसऱ्या यानात पोकळीतून जाणार, तर श्वास कसा घेईल? म्हणून त्याने चित्रात श्वसनयंत्र काढलं, आणि ते कायमचं चेहऱ्याला चिकटलं. बेनच्या मुखवट्यातून वेदना दाबणारा वायू येतो, वेडरच्या मुखवट्यातून श्वास. दोघांच्याही तोंडावर जगण्याचं यंत्र बसलंय आणि दोघांनाही त्याच तोंडाने हुकूम सोडायचे आहेत.

“अॅक्शन.” प्राउझ संवाद म्हणतो. सगळे म्हणतो, पाठ करून आलाय. मुखवट्यातून बाहेर येतो तो कोंदलेला, गुदमरलेला पुटपुटाट आणि त्याला इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या खेड्यापाड्यांचा ठसठशीत हेल. समोर राजकन्या लेया, म्हणजे एकोणीस वर्षांची कॅरी फिशर. तिला या आकृतीला घाबरायचंय आणि कानावर येतोय एखाद्या शेतकऱ्याचा स्वर. युनिटमध्ये त्याला ‘डार्थ फार्मर’ म्हणत, हे तिने पुढे सांगितलं. पण तुम्ही आज त्याच्यासमोर चार हातांवर उभे आहात, तर हेलाकडे नका लक्ष देऊ. त्या उकाड्यात, त्या कवचात, तो माणूस हाताच्या प्रत्येक हालचालीला शब्दाची जोड देतोय. मान कुठे वळवायची, बोट कुठे रोखायचं, हे तो आपल्याच वाक्याच्या लयीवर ठरवतोय. पडद्यावरचा वेडर बोलताना खरा वाटतो, याचं अर्धं श्रेय या शब्दांना आहे. ते प्रेक्षकांपर्यंत कधीच पोचले नाहीत. आपला आवाज वगळल्याची खंत प्राउझने पुढे अनेकदा बोलून दाखवली आणि मला ती रास्त वाटते.

त्याच वर्षी, लंडनच्या दुसऱ्या अंगाला, गिल्डफर्डच्या सरे विद्यापीठातल्या एका खोलीत क्षणभर डोकवा. हॅरी मॅक्गर्क आणि जॉन मॅक्डोनाल्ड हे दोन मानसशास्त्रज्ञ तुम्हाला पडद्यासमोर बसवतात. पडद्यावर एका बाईचा चेहरा, ती एकच अक्षर पुन्हा पुन्हा म्हणतेय. काय ऐकू येतंय? ‘दा, दा.’ आता डोळे मिटा. ‘बा, बा.’ उघडा. पुन्हा ‘दा’. ध्वनिफीत ‘बा’ची आहे, ओठ मात्र ‘गा’ म्हणतानाचे जोडलेत. शाळेत ओष्ठ्य, दंत्य, कंठ्य पाठ केलंय ना आपण? ब ओठांतला, ग घशातला. कान एक सांगतो, डोळा दुसरं, आणि मेंदू दोघांच्या मधलं एक अक्षर घडवून तेच ऐकू आलं असं तुम्हाला पटवतो. खरं काय ते सांगितल्यावरसुद्धा भास जात नाही. डिसेंबर १९७६ मध्ये ‘नेचर’मध्ये हा निबंध छापून येईल.

बेनचं काय बिनसलं, ते या खोलीत कळतं. बोलणं आपण डोळ्यांनीही ऐकतो. आणि यातली बारकी गोष्ट अशी: अक्षर तोंडात कुठे तयार झालं, ओठांवर की दातांशी की घशात, ही माहिती गोंगाटात सगळ्यात आधी नष्ट होते. प, त आणि क यांत घोटाळा होतो तो यामुळे. डोळ्याला मात्र सगळ्यात सहज दिसते ती हीच माहिती. ‘प’ला ओठ मिटतात, ‘त’ला मिटत नाहीत, दिसलं की संपलं. म्हणजे गोंगाट जे हिरावतो, नेमकं तेच ओठ परत देतात. बेनच्या विमानात गोंगाटही होता आणि ओठही झाकलेले होते. कानाला आधार म्हणून राहिले फक्त दोन डोळे, आणि डोळ्यांतून राग, कीव, तुच्छता सगळं कळतं, ‘प’ कळत नाही.

१९७७. वेडरचा आवाज घडतोय. ध्वनिरचनाकार बेंजामिन बर्टने पाणबुड्यांचं श्वसनयंत्र आणलंय. त्याच्या तोंडपट्टीत त्याने इवलासा मायक्रोफोन बसवला आणि स्वतः श्वास घेतला. आत, बाहेर. तुम्ही हेडफोन लावून ऐका: धातूतून खेचली जाणारी हवा, मग खोल उसासा. झाला मुखवटा. दुसरीकडे काचेपलीकडे जेम्स अर्ल जोन्स उभा राहतो. लहानपणी तोतरेपणामुळे हा मुलगा सुमारे आठ वर्षं जवळपास गप्प होता. मिशिगनच्या शाळेत डोनल्ड क्राउच नावाच्या शिक्षकाने त्याला वर्गापुढे कविता म्हणायला लावून पुन्हा बोलतं केलं. ज्याला एकेक अक्षर झगडून मिळवावं लागलं, तो माणूस अक्षर कसं उच्चारतो ते या हेडफोनमधून ऐका. प्रत्येक व्यंजन कोरलेलं, प्रत्येक वाक्य शेवटच्या शब्दापर्यंत नेलेलं. घाई नाही. काही तासांत काम संपतं. मोबदला ७,००० डॉलर, आणि पडद्यावर नाव नाही, ते त्यालाच नको होतं. माझा आवाज म्हणजे या चित्रपटातला एक स्पेशल इफेक्ट, अशी त्याची भूमिका होती.

जोन्सच्या तोंडावर काहीही नाही, हे विसरू नका. श्वास मुखवट्याचा, आवाज उघड्या तोंडाचा. दोन वाक्यांच्या मधल्या जागेत श्वास येतो आणि आपल्याला मुखवट्याची आठवण देऊन बाजूला होतो. मग आवाज येतो, स्वच्छ, एकही व्यंजन न गमावलेला. प्रेक्षक दोन्ही जोडून घेतो. डार्थ वेडर कळायला सोपा का, तर त्या मुखवट्याआडून मुळात कुणी बोलतच नाही. ही फसवणूक अतिशय देखणी आहे. पस्तीस वर्षांनी नोलन आणि हार्डी जिच्या आसऱ्याला गेले नाहीत, ती वाट हीच.

आता जुलै २०१२. चित्रपट २० तारखेला भारतातही लागलाय. या वेळी तुम्ही मुंबईतल्या थिएटरात आहात. दरम्यान तक्रारी स्टुडिओपर्यंत गेल्या. आवाजात किरकोळ फेरफार करू, पण प्रेक्षकानेही थोडं कान देऊन ऐकावं, अशी नोलनची भूमिका असल्याच्या बातम्या आल्या. तेच विमान, तोच कैदी, तीच पिशवी. आणि बेन बोलतो.

कळतं! जवळजवळ सगळं कळतं. पण थोडं थांबून ऐका. आवाज आता इंजिनाच्या वर आहे, वाऱ्याच्या वर आहे, विमानाच्याही बाहेर कुठेतरी आहे. बाकीची माणसं विमानात ओरडताहेत आणि बेन जणू तुमच्या शेजारच्या खुर्चीतून निवांत बोलतोय. डिसेंबरातला बेन विमानात होता; तो कळत नव्हता, पण त्याचं अंग त्या पिंजऱ्यात होतं, त्याच्या आवाजाला त्या जागेचा धक्का बसत होता. आत्ताच्या बेनचे शब्द मिळाले आणि अंग थोडं सुटलं. माझं मत विचाराल तर हा सौदा करायलाच हवा होता. जो खलनायक शहराला अटी घालतो, त्याच्या अटी तरी प्रेक्षकाला कळायला हव्यात. पण डिसेंबरातल्या त्या घुसमटीत जी दहशत होती, ती पुन्हा ऐकू आली नाही, याची हळहळ मला अजून वाटते.

मध्यंतराच्या जरा आधी या सिनेमाने स्वतःच एक उत्तर दिलंय. गटारातली लढाई. बॅटमॅन आणि बेन पहिल्यांदा समोरासमोर येतात आणि हान्स झिमरचं संगीत गप्प होतं. इतका वेळ कानावर आदळणारे ढोल, तो घोष, सगळं बंद. पाणी कोसळतंय, मुठी बसताहेत, आणि बेन बोलतोय. शांतपणे, जवळपास शिकवणी घेतल्यासारखा. अंधाराशी आपलं नातं बॅटमॅनपेक्षा किती जुनं आहे, हे तो सांगतो, आणि तुम्हाला शब्द न् शब्द कळतो. मुखवटा तोच आहे. फक्त भोवतालचं रान मोकळं केलंय. समोर बॅटमॅन उभा आहे, त्याचा मुखवटा उलटा: डोळे-कपाळ झाकलेलं, तोंड उघडं. ओठ दिसताहेत, तरी त्याची घोगरी गुरगुर समजायला बेनपेक्षा कठीण. आमनेसामने उभ्या या दोन अर्ध्या चेहऱ्यांत, तोंड झाकलेला माणूस स्पष्ट ऐकू येतो. मुखवट्यावर सगळा दोष टाकणाऱ्याने हे दृश्य डोळे मिटून एकदा ऐकावं.

पुढे स्टेडियम. पिट्सबर्गच्या हाइन्झ फील्डवर ऑगस्टच्या उन्हात हजारो लोकांना हिवाळी कोट घालून बसवून हे चित्रित केलंय. एक लहान मुलगा एकटा उभा राहून अमेरिकेचं राष्ट्रगीत म्हणतो. उंच, नितळ, काचेसारखा आवाज. खाली बोगद्यात बेन थबकून ऐकतो, आणि किती गोड आवाज आहे, असं सोबत्याला म्हणतो. ज्याला स्वतःचा आवाज नळ्यांतून काढावा लागतो त्याच्या तोंडी हे वाक्य आहे! हार्डीने ते खरंच भारावल्यासारखं म्हटलंय, चेष्टेचा लवलेश नाही. थोड्याच वेळात मैदान खचतं, बेन मायक्रोफोन हातात घेतो आणि त्याचा आवाज स्टेडियमभर घुमतो. बॉम्ब आहे, तो निकामी करू शकणारा एकच माणूस आहे, कळ एका अनोळखी नागरिकाच्या हातात आहे: कथेचा सगळा डोलारा या तीन गोष्टींवर उभा आहे आणि त्या लाउडस्पीकरच्या प्रतिध्वनीत सांगितल्या जाताहेत. तुमच्या मागच्या रांगेतली एक बाई नवऱ्याला मराठीत विचारते, “अहो, कळ कुणाकडे म्हणाला?” नवऱ्याला ठाऊक नसतं. इथे मी त्या बाईच्या बाजूचा आहे, ठामपणे. भीती वाटायला सूर पुरतो. पण गोष्ट पुढे सरकायला नाम आणि क्रियापद लागतं, आणि तिकीट तिनेही काढलंय.



शेवटची उडी, जुलै २०१७. पुन्हा नोलन, पुन्हा हार्डी, पुन्हा तोंडावर मुखवटा. ‘डंकर्क’. हार्डी आता ब्रिटिश वैमानिक आहे, स्पिटफायरमध्ये, प्राणवायूचा मास्क लावलेला. डोळ्यांनी हा माणूस काय काय करू शकतो ते नोलनने बेनमध्ये पाहिलं होतं, म्हणून त्याने त्याचं तोंड पुन्हा झाकलं. तुम्ही खुर्चीत सावरून बसता: आता परत तेच, इंजिन, वारा, रेडिओची खरखर, कोंदलेले शब्द. आणि तसंच होतं. रेडिओवरून येणारा एक आवाज मायकल केनचा आहे, तोही कित्येकांना ओळखू येत नाही.

पण या वेळी तुम्ही अडत नाही. विमानाचा इंधनकाटा फुटतो. किती इंधन उरलंय, परत फिरावं की लढावं, सगळं त्या एका आकड्यावर ठरणार आहे. हार्डी साथीदाराला रेडिओवर आकडा विचारतो. साथीदार सांगतो. तो ऐकू आला, नाही आला, तुमचं तुम्हालाही नक्की सांगता येणार नाही. हार्डी खडू काढतो आणि तो आकडा समोरच्या पॅनलवर लिहितो, कॅमेरा जवळ जातो, आणि थिएटरातल्या शेवटच्या रांगेलाही तो वाचता येतो.